फोन तापत नव्हता

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. दोनचारदा ओठांवर आलं होतं — आणि मी चहा ठेवायला उठले, किंवा पाऊस काय म्हणतोय ते विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. की तुम्ही ओळखत नाही म्हणूनच हे सोपं आहे? असेल. तरी सांगते.

रूपालीची गोष्ट आहे. माझी आहे, पण तिच्यापासूनच सुरू करावी लागेल.

ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर आलो. ती चाकणजवळच्या जुन्या गावातली. घरची बरीचशी जमीन कंपन्यांखाली गेलेली, आणि वडिलांची — त्यांना सगळेच अण्णा म्हणतात — चाकणच्या बाजारात कांद्याची आडत. मी चिंचवडची, म्हणजे मूळची परांड्याकडची. वडील लेथवर कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. तिच्या बोलण्यात ‘हाय’ आणि ‘न्हाई’ यायचं, माझ्या बोलण्यात मराठवाड्याचा हेल. वर्गातल्या काही मुली दोघींनाही हसायच्या. मैत्री व्हायला तेवढं पुरलं.

हुशार मीही होते. पण रूपालीचं डोकं वेगळं होतं. फोनवर आपण एका खुणेवर बोट ठेवतो, ब्राउझर उघडतो, काहीतरी शोधतो. ती खूण तिथं कुणी ठेवली? दुसरी का नाही ठेवली? असं आपण विचारतो का कधी? ती विचारायची. नवा फोन हातात घेतला की मला म्हणायची, “उजे, ह्यो फोन मी घेतला, मग शोधायचं कुठं हे दुसऱ्यानं का ठरवावं?” मी म्हणायचे, चालतंय की, काय बिघडलं. तिला चालायचं नाही.

कॉलेज संपल्यावर आम्ही दोघींनी मिळून ब्राउझर बांधायला घेतला. बाजारातल्या अण्णांच्या गाळ्यावर एक पत्र्याची खोली होती, बारदान — रिकाम्या गोण्या — ठेवायची. अण्णांनी बारदान खाली हलवलं, पंखा लावून दिला. ब्राउझरचं नाव तिनंच ठेवलं — वेस. गावात शिरताना लागते ती. साधा, हलका, स्वस्तातल्या फोनवर चालेल असा. पहिल्यांदा उघडला की तो विचारायचा, कुणाकडून शोधू? चार सर्च इंजिनांची नावं दाखवायचा. पाहिजे ते निवडा, नको झालं तर बदला. आणि त्याला आपली भाषा कळायची. पुस्तकातली नाही — आपली. दुपारी बाजार उलगला, लिलाव संपले की हमाल वर यायचे, फोन तोंडाजवळ धरून विचारायचे, “आज मंचरला काय भाव निघला रं?” आणि वेस उत्तर द्यायची. ‘निघला’ कळायचं तिला. ‘हाय का न्हाई’ कळायचं. परांड्याकडचं माझ्या आईचं बोलणंही कळायचं, कारण रूपालीनं आमच्या घरी बसून आईला तासन् तास बोलतं केलं होतं.

ते दिवस... काय सांगू. केसांना कांद्याचा वास यायचा. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची. पत्रा तापला की आम्ही लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायचो, खाली गाड्या उतरत असायच्या, अण्णा डबा वर पाठवायचे — भाकरी, ठेचा, बाजारातलाच कांदा. रूपाली काम करताना गुणगुणायची, कुठलंच गाणं नसायचं ते. त्यानंतर मी चांगल्या थंड ऑफिसांत बसले, चांगल्या खुर्च्यांवर बसले. त्या पायरीइतकं मन कुठं रमलं नाही. आजही चाकणवरून जाताना कांद्याचा वास आला की मी बसची खिडकी बंद करत नाही.

वेस हळूहळू पसरली. आमच्या पट्ट्यातले कामगार, त्यांचे गावाकडचे भाऊबंद, आयटीआयची पोरं. पण मोठं व्हायचं तर एकच रस्ता होता: फोनमध्ये आधीपासून असणं. लोक आपणहून ब्राउझर उतरवून घेत नाहीत. जो समोर असतो तो वापरतात.

मग माझ्या वडिलांच्या कंपनीनं जुन्या कामगारांना घरी बसवलं आणि मला पगाराची नोकरी बघावी लागली. चाकणच्या पुढं एक कंपनी होती, स्वस्त फोन तयार करणारी. नाव सांगत नाही. तिथं मी लागले. फोनमध्ये आधीपासून कुठली ॲपं घालायची, ती नीट चालतात का, हे तपासण्याचं काम माझ्या टीमकडं होतं. मला वाटलं रूपाली रागावेल. ती हसली. म्हणाली, “जा तू. आतून कडी काढ.”

आणि खरंच तशी वेळ आली. कंपनीला महाराष्ट्रासाठी एक फोन काढायचा होता, आणि कुणीतरी वेसचं नाव सुचवलं. मी सुचवलं नव्हतं, हेही सांगून टाकते. तपासायला ते माझ्याकडंच आलं. मी टीमला बसवलं, स्वतः बसले. बॅटरी, वेग, डेटा — सगळं बघितलं. आमच्या फोनमध्ये आधीपासून जो ब्राउझर होता, त्याच्यापेक्षा वेस हलकी होती. फोन थंड राहायचा. मी तो गालाला लावून बघितला होता. थंड.

आमचे साहेब खूष झाले. मग वरून फोन आला असावा, कारण दोनच दिवसांनी त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही ॲपांचं दुकान घेत होतो — जे नसलं तर आमचा फोन कुणी हातातही धरला नसता — तिच्या करारात अट होती. ब्राउझर त्यांचाच, शोधायची जागा त्यांचीच, पहिल्या पडद्यावर. शेजारी दुसरा कुणी नको. दुसरा ठेवला तर दुकान काढून घेणार. आणि ही अट बाहेर कुठं बोलायची नाही, असंही करारातच होतं. साहेब म्हणाले, तुमच्या मैत्रिणीला तुम्हीच कळवा, काहीतरी तांत्रिक अडचण आहे म्हणा. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, टेबलावरची पिन उलटीसुलटी करत होते.

मी बाहेर आले. कँटीनच्या मागं, बसगाड्या उभ्या असतात तिथं गेले आणि रूपालीला फोन लावला.

काय काय म्हणता आलं असतं मला? ‘नाही जमत गं, का ते विचारू नकोस’ — एवढं म्हटलं असतं तरी तिनं ओळखलं असतं. साहेबांनी दिलेलं वाक्य म्हटलं असतं, तरी तिनं बरोबर अर्थ लावला असता. मी म्हणाले, “रूपा, वेसमुळं फोन तापतोय.”

‘तापतोय’ हा शब्द मला कुणी दिला नव्हता. तो माझा.

तिनं विचारलं, किती? मी आकडा सांगितला, मनानं. कधी? मी म्हणाले, आवाजानं शोधताना, थोडा वेळ झाला की. बघा — तिच्या कामातला सगळ्यांत सुंदर भाग कुठला होता ते मला माहीत होतं, आणि माझं बोट बरोबर तिथंच गेलं.

का? नोकरीसाठी, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. तिला नीट नकार दिल्यानं माझी नोकरी गेली नसती. खरं कारण मला त्याच क्षणी कळलं होतं, कारण तो शब्द बोलल्यावर मला छातीत कुठंतरी हलकं वाटलं. लोक म्हणायचे, रूपालीची वेस. अर्धी मी लिहिली होती. पण मी लिहिलेलं ती शांतपणे पुन्हा लिहायची, न दुखावता, आणि ते जास्त चांगलं व्हायचं. दरवेळी. मला एकदा तिला अडलेलं बघायचं होतं. एकदाच. तिची कुठंतरी चूक निघावी, आणि ती मला कळलेली असावी, तिला नाही.

तर ती मी काढली. नव्हती, म्हणून तयार केली.

रूपालीनं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं पुरावा मागितला असता. माझं तिनं तसंच घेतलं. आणि ती शोधायला लागली.

हमालांचे फोन मागून घ्यायची, आडतवाल्यांचे घ्यायची, अर्धा अर्धा तास आवाजाचं शोधणं चालू ठेवून मनगटावर धरून बसायची. चाकणचा उन्हाळा, वर पत्रा — कुठला फोन तापणार नाही? तिला प्रत्येक फोन तापलेला लागायचा. मग ती वेसमधलं काहीतरी काढून टाकायची आणि मला पाठवायची. आता बघ ना गं, म्हणायची. मी बघायचे. म्हणजे बघायचेही नाही. थोडा फरक आहे, म्हणायचे, पण अजून तापतोय. एकदा खोटं बोलल्यावर पुढचं काय बोलणार? आधी तापत होता आणि आता थंड झाला म्हटलं, तर ती विचारणार — मग आता घेता का? आणि वेस घेता तर येणारच नव्हती.

शेवटी तिनं आवाजाचं सगळंच काढून टाकलं. ते ‘निघला’, ते ‘हाय का न्हाई’, माझ्या आईचं ते बोलणं. सगळं. त्यानंतरची वेस इतर कुठल्याही ब्राउझरसारखी होती, फक्त थोडी गरीब. हमाल वर यायचे बंद झाले. लोकांच्या फोनमध्ये दुसरा होताच, आधीपासून. ते तिकडं गेले.

मी हे सगळं बघत होते. महिन्या-दोन महिन्यांनी जायचे गाळ्यावर, तिच्यासाठी चिंचवडहून काहीबाही खायला घेऊन. ती आता गुणगुणत नसायची.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं. बाजारात कुणी एकानं दांडगाई करून बाकीच्यांची वाट अडवू नये, यावर लक्ष ठेवणारा आयोग दिल्लीत आहे. त्या मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रारी गेल्या होत्या, चौकशी सुरू झाली, आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांना विचारणा झाली: तुम्ही सगळे एकच ब्राउझर, एकच सर्च का ठेवता? आमच्याकडूनही कुणीतरी जायचं होतं. तपासणीचं काम माझं, म्हणून मला पाठवलं. वकिलांनी विमानात समजावलं: खरं तेच सांगायचं, म्हणजे तेव्हा जे कारण दिलं होतं ते.

मला त्या दिल्लीच्या खोलीतलं फार काही आठवत नाही. समोर एक बाई होत्या, माझ्या मावशीच्या वयाच्या, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, दुसऱ्या कुणाचा विचार केला होता का? मी म्हणाले, एकाचा केला होता, पण त्यानं फोन तापत होता. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, “तुम्ही स्वतः तपासलं होतं?”

त्या बाईंना संशय आला असेल का? की त्या सगळ्यांनाच तसं विचारत असतील? मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडं धरलं होतं. वेसला का नाकारलं, हे विचारणारं सरकार स्वतः माझ्यासमोर बसलं होतं. रूपाली कॉलेजपासून जो प्रश्न विचारत होती, तोच.

मी “हो” म्हणाले.

तपासलं होतं, हे खरंच होतं.

माझ्या त्या बोलण्यानं निकाल काही बदलला नाही. दुसऱ्या कंपन्यांतली माणसं खरं बोलली, करार उघडे झाले, मोठ्या कंपनीला दंड झाला, अटी सैल करायला लागल्या. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले, माझ्यावाचून काही अडलं नाही. पण तोवर वेस बंद पडली होती, आणि रूपालीच्या लेखी तिला आमचा नकार करारामुळं नव्हता, तापण्यामुळं होता.

बंद केल्यावर मी गाळ्यावर गेले होते. खाली अण्णा गोण्यांवर बसले होते. मला बघून म्हणाले, “बरं झालं आलीस. पोरीनं लई शोधलं बघ. म्हनती, माझ्याच हातात खोट हाय. तू जरा समजाव.” आणि मला वर जायला सांगून स्वतः चहा सांगायला गेले.

वर बारदान परत आलं होतं. रूपाली पंख्याची वायर गुंडाळत होती. मला म्हणाली, बस. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “बाकीच्या कंपन्यांनी माझा फोनसुद्धा उचलला न्हाई. तू तरी तोंडावर सांगितलंस, काय चुकतंय ते.” आणि मग — “खरं सांग उजे, काय चुकलं असंल गं माझं? मला शेवटपर्यंत सापडलंच न्हाई.”

तिथं सांगायचं होतं. तेव्हा माझ्या पोटाला कुणी चिमटा घेत नव्हतं. बढती झाली होती, ताथवड्याला फ्लॅट झाला होता, करार जगजाहीर व्हायच्या बेतात होते. कुणाची भीती होती मला? तिच्याच तोंडाची. ते माझ्याकडं वळलं असतं, आणि त्याच्यावर जे उमटलं असतं, त्याची.

मी म्हणाले, “असतं गं असं. मोठमोठ्यांनाही सापडत नाही.”

तिनं मान हलवली. चहा आला. आम्ही प्यालो. अण्णांनी मला निघताना पिशवीभर कांदे दिले, नको म्हणत असताना.

रूपाली आता तळेगावला एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. लग्न झालं, मुलगी आहे. नवीन काही बांधत नाही. एकदा सहज म्हणाली होती, दुसऱ्यानं केलेलं चालू ठेवायला बरं वाटतं, आपलं केलेलं म्हटलं की हात कचरतो. हसत म्हणाली होती. मीही हसले. तिच्याशेजारी बसून हसता येतं मला अजून, याचं मला कधी कधी भय वाटतं.

गेल्या लग्नसराईत मोशीला तिच्या चुलतभावाचं लग्न होतं, मला आग्रहानं बोलावलं. जेवणं व्हायची होती. रूपालीच्या आत्या नवा फोन घेऊन आल्या, मुलानं सकाळीच आणून दिलेला. म्हणाल्या, “रूपे, ह्ये काय इचारतंय बघ की, पुढंच जाईना.” पडद्यावर नावांची यादी होती. कुणाकडून शोधायचं ते निवडा. आता नव्या फोनवर येते तशी.

रूपालीनं फोन हातात घेतला. वरून खाली एकदा वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. मी काय शोधत होते त्या यादीत? तीही तेच शोधत होती का? तिचं बोट शेवटच्या नावाशी थोडा वेळ थांबलं. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत्यांना म्हणाली, “हिला विचारा आत्या. हिला त्यातलं कळतं.” बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला ते मनापासून वाटत होतं.

मी एक नाव निवडून दिलं. आत्या माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या.

संध्याकाळी रूपालीनं स्कूटरवरून मला हायवेपर्यंत सोडलं. मी मागं बसले होते. तिचे केस वाऱ्यानं माझ्या तोंडावर येत होते, गजऱ्याचा वास होता. मला त्या रस्त्याचं संपणं नको होतं. तिच्या पाठीला डोकं टेकवून सांगावं, तिला मागं वळता येणार नाही अशा ठिकाणी — हेही मनात आलं. भित्र्या माणसाला कुठली कुठली जागा सुचते. नाशिक फाट्याची बस समोर उभीच होती. ती म्हणाली, घरी ये ना गं कधी, मुलीला भेट, दिवसभर राहा. मी म्हणाले, येते.

गेलेले नाही. तळेगाव काही लांब नाही. रविवारी सकाळी निघालं तर चहाला पोचता येतं. दिल्लीला दिलेला जबाबही तसाच आहे, मी तो बदलायला गेले नाही. रूपालीचा फोन येतो अधूनमधून. ती मुलीचं सांगते, अण्णांच्या गुडघ्यांचं सांगते. मी ऐकत राहते, तिनं ठेवल्यावरही थोडा वेळ फोन कानालाच असतो.

तिला आजही वाटतं, चूक तिची होती.